विषय: बालहक्कांवरची मुलांची फिल्म, देश स्वीडन

नमस्कार मंडळी,
मराठी शाळेतली आठ ते दहा वयाची बारा मुलं बालहक्कांवर दोन मिनिटांची फिल्म करणार आहेत. देश स्वीडन, हातात चार रविवार. पोरांनी फळ्यावर सतरा हक्क लिहून ठेवलेत. एवढ्या वेळात काय बसवायचं आणि कसं?

*

ताई, सतरा नकोत, एकच घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात ५४ कलमं आहेत. सगळ्यांना हात लावायला गेलात की फिल्मची यादी होते. माझं मत कलम १९ला, म्हणजे मारहाणीपासून संरक्षण. घरातसुद्धा मुलांना मारायला कायद्याने बंदी करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश, १९७९ साली. हा कायदा घरोघरी कळावा म्हणून त्याची माहिती चक्क दुधाच्या खोक्यांवर छापली होती. टेबलावर आई, बाबा, पोर आणि मधोमध तो खोका. तुमचं मुख्य पात्र तयार!

संहितेत मुलं हमखास लिहितात, ‘मारलं तर तुरुंग’. तसं नाही. या बंदीला स्वतःची वेगळी शिक्षा नाही. मारहाण गुन्ह्यात मोडली तर फौजदारी कायदा आहेच. तुलनेला भारत घेतलात तर शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ बघा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई, पण शाळेत. घर आणि शाळा हा फरक एका वाक्यात यायलाच हवा. ‘तिकडचे शहाणे, इकडचे अडाणी’ असा सूर मात्र लागू देऊ नका.

*

खोका हलवायचा तर स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते सलग दाखवायचे. सेकंदाला १२ फोटो धरले तर दोन मिनिटांना १४४० होतात, या वयाला झेपणार नाहीत. सेकंदाला ६ पुरतात. हलतं चित्र ४० सेकंदच ठेवा, म्हणजे २४० फोटो; बाकी स्थिर चित्रं आणि आवाज.

आवाज आधी, चित्रं नंतर. उलट केलंत तर मुलं चित्रामागे धावत वाक्यं गिळतात. दोन मिनिटांना दोनशे शब्द खूप झाले. फोन तोंडासमोर नको, वीतभर अंतरावर गालाच्या बाजूला धरा. ‘फटका’ शब्द पुन्हापुन्हा येणार. ‘फ’ची हवा थेट माइकवर आदळली की धप्प वाजतं आणि ते नंतर नीट निघत नाही.

फोटो काढताना पडदे ओढून एकच दिवा लावा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर मूल जवळ आलं की फोन उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. टेबलाचे आणि स्टँडचे पाय चिकटपट्टीने जमिनीला पक्के करा. रिकामा खोका बोट लागलं तरी सरकतो, म्हणून आत वाळूची पिशवी ठेवा. एकाने ‘हात वर!’ म्हणायचं, मगच क्लिक.

*

एक राहिलं. चित्रात फक्त हात दिसू देत, शेवटी नुसती पहिली नावं, आणि पालकांची लेखी संमती चित्रीकरणाच्या आधी. बालहक्कांच्या फिल्ममध्येच कलम १६चा, खासगीपणाचा, भंग नको.

आणि कलम १९ आपणच ठरवून टाकलं की! मुलांचं मत विचारात घ्या, असं कलम १२ सांगतं. सतरा हक्कांपुढे मुलांना प्रत्येकी तीन टिकल्या लावू द्या. दुसरंच काही निवडून आलं, तर खोक्यावर ते छापा.