नऊ वर्षांच्या मुलासाठी धाडसी आणि हसवणारी पुस्तकं सुचवा

प्रश्न: मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यम. मराठी अक्षरं जुळवत वाचतो, म्हणून रात्री मीच वाचून दाखवते. बोधकथा काढली की कूस बदलतो. काय आणू?

उत्तर १: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणाच! पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हडकुळा बनेश फेणे, सायकलवर सुसाट, आणि तोंडी सतत ‘ट्टॉक’. माझ्या लेकीलाही मीच वाचून दाखवायचो. हडपसरच्या पुढे फुरसुंगीची पाटी दिसली तेव्हा ती गाडीत ओरडली, "बाबा, हे खरंच आहे!" एक युक्ती सांगतो: ऐन संकटात पुस्तक मिटायचं आणि उशाशी ठेवून द्यायचं. तिसऱ्या रात्री ती पांघरुणात टॉर्च घेऊन स्वतः वाचत होती. शब्द अडले, तरी थांबली नाही.

उत्तर २: हसायला दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. खोडकर, पण मनाने फार चांगला. मोठ्याने वाचायला मजा येते.

उत्तर ३: थोडा मोठा झाला की सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. मराठी अनुवाद मिळतात.

प्रश्नकर्ती: फेणे आणला. काल ‘ट्टॉक’ त्याने स्वतः वाचलं, आणि आज डबा भरतानाही तेच चाललंय!