मदत हवी आहे: खेकड्यांच्या अंगात गाठी सापडल्या, ते प्रयोगातून वगळू का?

साताऱ्यात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय. परळी खोऱ्यात उरमोडीच्या काठाला धरलेल्या खेकड्यांवर पाणी तापल्यावर किती ताण येतो, हा प्रकल्पाचा विषय. मोजते ती रक्तातली (हिमोलिम्फमधली) साखर. ताण आला की डोळ्याच्या देठातून संप्रेरक सुटतं आणि साखर चढते.

प्रयोगानंतर खेकडे उघडले, तर 24 पैकी 7 जणांच्या स्नायूंत आणि कल्ल्यांपाशी बारीक पांढुरक्या गाठी! परजीवीच असणार. त्यातले तीन साध्या पाण्यातले, तरी त्यांची साखर आधीच चढलेली. गरम पाण्यातल्या चौघांची मात्र नीट चढलीच नाही. मार्गदर्शक म्हणतात, सातही काढ, आलेख स्वच्छ दिसेल. मला पटत नाही. ओढ्यातला खेकडा असाच असतो ना?

गॅमॅरस या चिमुकल्या कवचधाऱ्यावरचं काम वाचलं. अंगात पॉलिमॉर्फस मिनुटस हा कृमी असेल, तर कॅडमियमच्या ताणाखालीही त्याची एचएसपी70 प्रथिनं (ताणात पेशींना जपणारी) कमी वाढतात. हिमॅटोडिनियम या परजीवीची लागण झालेल्या समुद्री खेकड्यांत रक्तपेशी घटतात, ग्लायकोजेन (अंगात साठवलेली साखर) संपत जातं. मग माझ्या चौघांना ताण आलाच नाही, की साखर चढवायला साठाच उरला नव्हता? हे कसं ओळखू?

कृष्णाकाठ, सांगली:
ताई, अजिबात काढू नका. 'गाठी आहेत / नाहीत' असा वेगळा घटक धरा, प्रत्येकातल्या गाठी मोजा. सातच आहेत, त्यामुळे निष्कर्ष जपून लिहा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर रक्तात मिळणार नाही. स्नायू आणि हिपॅटोपँक्रियाजमधलं (खेकड्याच्या यकृतासारख्या पाचक ग्रंथीतलं) ग्लायकोजेन मोजा. कात टाकायला आलेले कोणते होते तेही नोंदवा, त्या काळात साठ्याची गणितंच बदलतात. आणि हातमोजे घाला. फुप्फुसातला पर्णकृमी अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून माणसात येतो. गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यात का?

धागाकर्ती:
गाठी उद्या बघते. स्नायूंचे तुकडे डीप फ्रीझरमध्ये आहेत. पण पहिल्या दिवशीचे पाच तासभर टेबलावरच राहिले.

कृष्णाकाठ:
त्या पाचांचं ग्लायकोजेन मोजू नका, मेल्यावर ते भराभर मोडतं. साखरेच्या आकड्यांत मात्र त्यांना ठेवा. त्या पाचांत गाठीवाले किती?

धागाकर्ती:
एकच. म्हणजे सहा उरतात. सोमवारपासून मोजायला घेते.