विषय: शनिवारच्या चर्चेच्या पत्रकातील पॉवेल यांच्याविषयीचे वाक्य

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

पत्रक आज रात्री छपाईला जाणार असल्याने तातडीने लिहीत आहे. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री, कृष्णवर्णीय रिपब्लिकन नेते कॉलिन पॉवेल यांनी २००८ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वपक्षाच्या मॅकेन यांच्याऐवजी ओबामांना पाठिंबा दिला तो केवळ वर्णबंधुत्वापोटी, हे वाक्य कृपया वगळावे. १९ ऑक्टोबरच्या दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी आपली कारणे सविस्तर मांडली होती. मॅकेन यांच्या जोडीने उभ्या असलेल्या सारा पेलिन यांना ते उपराष्ट्राध्यक्षपदासाठी तयार मानत नव्हते, आणि ओबामा मुसलमान असल्याची कुजबुज पक्षातलीच माणसे पसरवत होती, हे त्यांना असह्य झाले होते. ओबामा ख्रिस्ती आहेत हे सांगून, मुसलमान असते तरी काय बिघडले असते, असे त्यांनी विचारले आणि इराकमध्ये विसाव्या वर्षी कामी आलेल्या करीम खान या मुसलमान सैनिकाच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतील कबरीच्या छायाचित्राचा उल्लेख केला. ज्यांच्या मुलांना नावावरून 'तुम्ही मूळचे कुठले' असे आजही विचारले जाते, त्या आपण तरी हे विसरू नये. शिवाय मॅकेन यांच्या प्रचारनिधीला पॉवेल यांनी २००७ साली २,३०० डॉलर दिले होते.

– चर्चामंडळाची एक सदस्या

ताई,

ते वाक्य माझे आहे. जाहीर केलेली कारणे आणि मनातला हेतू नेहमी एकच असतात असे मी मानत नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी बुश यांचे परराष्ट्रमंत्री म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, इराककडे संहारक शस्त्रे असल्याचे सांगत केलेल्या भाषणाचा डाग त्यांना आयुष्यभर सलत होता, त्यामुळे बुश यांच्या वारशापासून दूर जाण्याची इच्छाही त्यामागे असेल. परंतु आपल्या माणसाचा अभिमान बाळगणे हा आरोप कसा ठरतो? २००७ साली रालोआत (भाजपप्रणीत आघाडीत) असूनही शिवसेनेच्या बाळासाहेबांनी आघाडीने पाठिंबा दिलेल्या शेखावतांना सोडून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, तो मराठी माणूस राष्ट्रपती व्हावा म्हणूनच, आणि त्याचा आपल्याला आनंदच झाला. कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष होणे ही ऐतिहासिक घटना ठरेल, हे पॉवेल यांनीही नाकारले नव्हते.

– पत्रकाचा संपादक

आदरणीय काका,

बाळासाहेबांचा दाखला पुरता लागू होत नाही. २०१२ साली शिवसेनेने पुन्हा रालोआची वाट सोडून प्रणव मुखर्जींना मते दिली, आणि ते बंगाली होते. अस्मितेइतकाच मित्रपक्षाला आपले वजन दाखवण्याचा हिशेबही त्यात होता, असे मला वाटते. पॉवेल यांनी तर २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना आणि २०२० साली बायडेन यांना मत देण्याचे जाहीर केले. तिथे वर्णबंधुत्वाचा प्रश्नच नव्हता. पक्षाचे वळण त्यांना पटेनासे झाले होते, ही त्यातली सलग दिसणारी गोष्ट आहे. पत्रकाचा मजकूर चर्चामंडळाने ठरवायचा, असे मागच्या वार्षिक सभेत ठरले असल्याने, 'पॉवेल यांच्या पाठिंब्यामागे वर्ण, इराक आणि पक्षाची बदलती दिशा यांपैकी कशाचा वाटा किती' असा प्रश्नच छापावा, असे मी सुचवतो. सचिवांनी उद्या सकाळपर्यंत छपाई थांबवावी.

– चर्चामंडळाचा निमंत्रक