ऑफिसातला प्रसाद, रात्रपाळी आणि घरची प्रार्थना: कसं जमवायचं?

वानवडीकर (प्रश्न)
सर्वांना सलाम. आम्ही ख्रिस्ती कुटुंब, आम्ही दोघंही हिंजवडीत नोकरीला, ह्यांची पाळी संध्याकाळी ७ ते पहाटे ४. मुलं ९ आणि १३ वर्षांची. दोन शंका आहेत. ऑफिसात गणपती बसतो, तेव्हा आरती, मोदक, वर्गणी यांत कुठवर सामील व्हावं? आणि चौघं एकत्र असे फार थोडे सापडतो, तर कौटुंबिक प्रार्थना कशी चालवायची? "मनात श्रद्धा असली की झालं" हे उत्तर नको, नेमकं सांगा.

पेठेतला
ताई, आधी मोदकाचं. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे, त्यातली १ करिंथ १० मधली २५ ते २८ ही वचनं सलग वाचा. लोक त्यातलं एकच उचलतात आणि घोटाळा होतो. बाजारात विकतं ते चौकशी न करता खा. जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण "हे नैवेद्याचं आहे" असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याकरता खाऊ नका. पॅन्ट्रीत उघडा पडलेला मिठाईचा पुडा पहिल्या प्रकारात बसतो. आरतीनंतर मूर्तीपुढच्या ताटातून हातावर ठेवतात तो मोदक तिसऱ्यात.

नकार देताना "शुगर आहे", "डाएट चालू आहे" असली थाप नको. चार दिवसांनी कुणाच्या वाढदिवसाचा केक खाताना सापडाल. "मी ख्रिस्ती आहे, प्रसाद घेत नाही, पण जेवायला तुमच्याबरोबर बसणार" एवढं पुरे. हे आरतीच्या घोळक्यात नव्हे, आठवडाभर आधी टीममध्ये सांगून ठेवायचं. वर्गणीत जेवणाचा हिस्सा किती ते विचारून तेवढा द्यावा.

(खाण्यापिण्यावरून वाद पुण्याला नवा नाही म्हणा. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाला, तोंड द्यावं लागलं होतं!)

खडकीवाला
पुड्याबाबत मी थोडा वेगळा. १ करिंथ ८:७ पाहा: मूर्तीची सवय असलेल्याला ते अन्न नुसतं अन्न वाटत नाही. त्याच टेबलावर नुकताच बाप्तिस्मा घेतलेला कोणी असेल, तर पुडाही सोडावा. नऊ वर्षांच्या मुलालाही पौलाचे तीन प्रकार कळत नाहीत, आईचा हात कुठे गेला ते मात्र दिसतं.

शेजारची काकू ताट घेऊन आली तर दारातच गोडीने सांगा. घेऊन मग कचऱ्यात टाकणं सगळ्यांत वाईट, त्यात अपमानही आणि खोटेपणाही. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट त्यांच्याकडे आधी जाऊ द्या.

शब्बाथशाळा
घरच्या प्रार्थनेचं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, २६० अध्याय आहेत. आठवड्याला ५ धरले तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतात. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात नको. पूर्ण शास्त्राचे १,१८९ अध्याय वर्षात बसवायला रोज ३ आणि रविवारी ५ लागतात. त्या वेगाने चौथ्या आठवड्याच्या शेवटी लेवीय हे तिसरं पुस्तक लागतं, आणि यज्ञबलींच्या नियमांत बहुतेक घरं अडकतात.

वेळ ह्यांच्या निघण्याआधीची धरा, साधारण साडेचार. एक कडवं गाणं, मग अध्याय आळीपाळीने मोठ्याने. तेरा वर्षांच्याला निम्मा तरी वाचू द्या, नुसतं ऐकायला लावलं की तो मोबाइलकडे वळतो. मग प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. बारा मिनिटं झाली की उठायचं. बहुतेक ठिकाणी हे मोडतं ते वडीलधाऱ्यांच्या लांबलचक प्रार्थनेमुळे. फोन चौघांचेही दुसऱ्या खोलीत, वाचायला छापील पुस्तक. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय नकोत, शनिवार त्यासाठीच मोकळा ठेवलाय.

पेठेतला
रजेचंही आत्ताच पाहा. पुनरुत्थानदिन (ईस्टर) २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो, म्हणजे कधीकधी त्याआधीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) नेमका मार्चअखेरच्या गडबडीत. लक्ष्मीपूजनाची ड्युटी आपणहून मागून घ्या आणि त्या बदल्यात हा दिवस लिहून घ्या. दुपारी १२ ते ३ येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, अर्ध्या रजेत ती धड मिळत नाही.

वानवडीकर
आभार. साडेचार जमेल, पण शुक्रवारी धाकटीचा चारला क्लास असतो.

शब्बाथशाळा
मग शुक्रवारचा अध्याय रविवारी, उपासनेहून आल्यावर, जेवणाआधी.