लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी, दुकानदार म्हणतो पॅनल गेलं. बदलून घेऊ का?

किनारपट्टी: मुक्काम मालवणजवळ, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. काल संध्याकाळी होमस्टेची बिलं करत बसले होते, स्क्रीन काळी झाली ती झालीच. पंखा फिरतोय, कॅप्स लॉक दाबलं की दिवा लागतो-विझतो, मेल आल्याचा आवाजही येतो. लॅपटॉप ४ वर्षांचा, वॉरंटी केव्हाच संपली. बाजारातल्या दुकानात नेला. त्याने एकदा चालू करून बघितला आणि "पॅनल गेलं, साडेसात हजार" म्हणाला. चतुर्थी तोंडावर आलीय, सगळी बुकिंगं त्यात अडकलीत. देऊन टाकू पैसे, की कुडाळला दाखवू?

सोलकढी: कॅप्स लॉकचा दिवा ऐकतोय म्हणजे मशीन जिवंत आहे. बंद करून चार्जर काढ, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर, मग चालू कर. तरी काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. बारीकसा आवाज होऊन ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दोन्ही उपाय फुकटचे, आधी तेच.

किनारपट्टी: दोन्ही केले. आवाज आला, स्क्रीन ढिम्म.

माडाखाली: पैसे देव नको गो. आधी काळोखात स्क्रीनवर बॅटरी मारून बघ.

किनारपट्टी: बॅटरी काढायची कशी? माझी आत स्क्रूने बसवलेली आहे.

माडाखाली: बॅटरी म्हणजे टॉर्च गो! मोबाइलची पण चलात. जवळ नेऊन तिरकी धर.

किनारपट्टी: अय्या! पुसट दिसतंय की. घड्याळ, फोल्डर, कालचं अर्धवट बिलसुद्धा.

खाडीकाठ: रत्नागिरीत दुरुस्तीचंच काम करतो म्हणून सांगतो, थांबा. चित्र उमटतंय, फक्त त्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद आहे. त्याचे एलईडी पॅनलमध्येच असतात. ते जळले असतील तर दुकानदार बरोबर. पण त्यांना वीज पोचवणारी केबल बिजागरीतून वळून वर जाते, आणि समुद्राकाठच्या लॅपटॉपात माझा पहिला संशय तिच्यावर. हवेतलं मीठ कनेक्टरवर बसतं. कोरड्या हवेत ते गप्प असतं, पण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याखाली उतरते कधी? झाकण हळूहळू पुढेमागे करा, एखाद्या कोनात उजेड लुकलुकतो का बघा. तोवर एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून काम चालू ठेवा.

किनारपट्टी: झाकण अर्धवट मिटलं की क्षणभर उजळतंय! टीव्हीवर मात्र नुसतं वॉलपेपर, बाकी काहीच नाही.

सोलकढी: टीव्ही पुढची जागा म्हणून जोडला गेलाय. विंडोज आणि पी दाब, टॉर्च मारून यादी बघ आणि 'डुप्लिकेट' निवड. सगळं टीव्हीवर येईल. आल्या आल्या बुकिंगं पेनड्राइव्हवर घे.

आंबेमोहर: दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून बघा.

सोलकढी: पाणी सांडलंय कुठे? तांदळाची पूड मात्र पोर्टात जाईल.

खाडीकाठ: झाकणाच्या कोनाने फरक पडतोय, म्हणजे केबलच. दुसरीकडे न्या आणि समोर उघडून घ्या. आतल्या बॅटरीचा प्लग काढल्याशिवाय कुणाला केबलला हात लावू देऊ नका. चालू विजेत कनेक्टर तिरका लागला तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडतो आणि खर्च वाढतो. पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नवी केबल तुमच्या मॉडेलचीच हवी, सारखी दिसणारी चालत नाही.

किनारपट्टी: कुडाळला जाऊन आले. पॅनलकडच्या टोकाला हिरवट थर साचलेला, आणि बिजागरीपाशी केबलची साल गेलेली. पुसून बसवल्यावर लगेच उजेड आला. केबल मागवलीय, ती आली की पुन्हा एक फेरी. मजुरी धरून १४०० सांगितले. पहिल्या दुकानात काही बोलले नाही, प्रिंटरची शाई तिथूनच घ्यावी लागते.

माडाखाली: केबल येईसर झाकण सारख्या उघड-बंद करू नको. आणि खिडकीतसून उचल तो लॅपटॉप.