बाइंड झालंय, तरी स्टोअर्ड प्रोसिजर -८०५ देतेय

बॅचवाली_पुणे
सहा वर्षं मेनफ्रेमवर कोबोल-डीबी२ (डीबी२ म्हणजे आयबीएमचा डेटाबेस) बॅच केलं. रात्री जॉब लावायचा, सकाळी एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट दाखवणारी स्क्रीन) आउटपुट बघायचा. आता पहिल्यांदाच स्टोअर्ड प्रोसिजर (डीबी२मार्फत दुसऱ्या प्रोग्रॅमने कॉल करायचा प्रोग्रॅम) वाट्याला आलीय: खाते क्रमांक घ्यायचा आणि शेवटचे १० व्यवहार जावाच्या स्क्रीनला द्यायचे. परवा कॉल झाला, एसक्यूएलकोड ० (म्हणजे चूक नाही), पण ओळ एकही आली नाही. काल कर्सरची (क्वेरीच्या ओळी एकेक करून देणारी सोय) क्वेरी बदलली. प्रीकंपाइल, कंपाइल, लिंक, बाइंड (प्रोग्रॅममधल्या एसक्यूएलचं डीबी२मध्ये पॅकेज बनवणं), सगळीकडे रिटर्न कोड ०. आता कॉल केला की -८०५, म्हणजे जुळणारं पॅकेज सापडलं नाही! कलेक्शन आयडी (पॅकेज ज्या गटात आहे त्याचं नाव) तीनदा तपासला. डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडे) जाण्याआधी हे मला स्वतःला कळायला हवंय.

जुना_कोबोलकर
तुमचा बाइंड बरोबर आहे, आणि म्हणूनच -८०५ येतोय. प्रीकंपाइलर एक टोकन (ओळखीचा शिक्का) बनवतो. तेच लोड मोड्यूलमध्ये (चालवायच्या तयार प्रोग्रॅममध्ये) जातं आणि तेच पॅकेजमध्ये. बॅच जॉब दर वेळी लायब्ररीतून ताजं मोड्यूल उचलतो, त्यामुळे सहा वर्षांत तुम्हाला हे दिसलंच नसेल. प्रोसिजर मात्र डब्ल्यूएलएमच्या (मेनफ्रेमवर कामं वाटणारी यंत्रणा) ॲड्रेस स्पेसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या वेगळ्या जागेत, चालते. क्रिएट प्रोसिजरमध्ये 'स्टे रेसिडेंट यस' लिहिलंय का बघा. असेल, तर परवाचं मोड्यूल अजून मेमरीतच बसलंय आणि पॅकेज कालचं आहे, म्हणून टोकन जुळत नाही. सिस्टिम्सवाल्यांना त्या ॲप्लिकेशन एन्व्हायर्नमेंटचा (प्रोसिजर जिथे चालते त्या ॲड्रेस स्पेसच्या गटाचा) रिफ्रेश द्यायला सांगा, म्हणजे नवं मोड्यूल उचललं जाईल. चालू असलेले कॉल पूर्ण होऊ देऊनच जुनी ॲड्रेस स्पेस बंद होते, म्हणून मागायला बिचकू नका.

ओळी न येण्याचं कारण वेगळं वाटतं. शेवटी क्लोज कर्सर लिहिलंय का? बॅचमध्ये ती चांगली सवय, इथे तीच नडते. कर्सर 'विथ रिटर्न' घोषित करा, ओपन करा आणि उघडाच ठेवून गोबॅक करा (कॉलरकडे परत जा). तपासायला म्हणून आत फेचही (ओळ वाचणं) करू नका, फेच केलेल्या ओळी कॉलरला मिळत नाहीत. क्रिएट प्रोसिजरमध्ये 'डायनॅमिक रिझल्ट सेट्स १' (एक रिझल्ट सेट, म्हणजे ओळींचा संच, परत देणार) हवंच. उद्या हीच प्रोसिजर कोबोलमधून कॉल केलीत तर +४६६ येईल. घाबरू नका, रिझल्ट सेट आल्याची ती खूण आहे.

रात्रपाळी_डीबीए
काम एवढंच असेल तर कोबोल कशाला? डीबी२ ९ पासून नेटिव्ह एसक्यूएल प्रोसिजर (पूर्ण एसक्यूएलमध्येच लिहिलेली) आहे. लोड मोड्यूलच नाही, म्हणून असा रिफ्रेशही नाही. जावाकडून नेटवर्कवरून येणारा कॉल झिपवर (खर्च कमी करणारा खास प्रोसेसर) चालू शकतो, तो फायदा वेगळा. फक्त स्पुफीत (एसक्यूएल चालवायची डीबी२ची स्क्रीन) क्रिएट करताना टर्मिनेटर (स्टेटमेंट संपल्याची खूण) बदला, नाहीतर आतल्या पहिल्या अर्धविरामालाच स्टेटमेंट तुटतं.

जुना_कोबोलकर
नवीन लिहायची असेल तर मान्य. पण पहिली प्रोसिजर कोबोलमध्ये करून बघावी असं मला मनापासून वाटतं. लिंकेज सेक्शन (कॉलरकडून येणाऱ्या माहितीची जागा), नल इंडिकेटर (किंमत नसल्याची खूण), डब्ल्यूएलएम हे एकदा हाताखालून गेलं की जुन्या प्रोसिजर दुरुस्त करताना हात थरथरत नाही.

बॅचवाली_पुणे
'स्टे रेसिडेंट यस'च होतं. दुपारी रिफ्रेश मिळाला, -८०५ गेला. क्लोज होतंच, काढलं. १० ओळी आल्या! नेटिव्हवाली घरी बसून लिहून बघते.