लातूरहून आयआयएम इंदूरच्या आयपीएमला जायचंय, बारावी कॉमर्स, कोणी गेलंय का?

लातूरची_कॉमर्सवाली
नमस्कार सगळ्यांना. मी आत्ता बारावी कॉमर्सला आहे, मॅथ्स घेतलंय, एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) नाही. आमच्या लातूरला सगळं वातावरण नीट नि जेईईचं, ज्याच्या घरी जावं तिथे फिजिक्सच्या क्लासचाच विषय, आणि मी कॉमर्स म्हटलं की लोक विचारतात सायन्सला नंबर लागला नाही का. पण मला मनापासून बिझनेस शिकायचाय, बाबांची मार्केट यार्डात आडत आहे, सोयाबीन नि तुरीचा सौदा लहानपणापासून बघतेय. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा हा आयपीएम नावाचा मॅनेजमेंटचा कोर्स आयआयएममध्ये करता येतो हे मला दहावीनंतर कळलं. आता प्रश्न असे की क्लास न लावता आयपीमॅट, म्हणजे त्याची प्रवेश परीक्षा, निघते का, कारण इथे त्याचा क्लासच नाही आणि ऑनलाइनवाले पन्नास हजार सांगतात. दहावीपर्यंत सेमी इंग्लिश होतं, वाचते नीट पण बोलताना अडखळते. फीचं कसं करतात? आणि समजा लागला नंबर, तर तिथे मोठ्या शहरांतल्या सीबीएसईच्या मुलांमध्ये निभावेल का? प्लीज खरं खरं सांगा.

गणिताच्या_मॅडम
बाळा, मी वीस वर्षं ज्युनियर कॉलेजला कॉमर्सचं मॅथ्स शिकवते. पहिली गोष्ट, अकरावीची पुस्तकं रद्दीत दिली असतील तर आजच परत मिळव. ते धडे बोर्डाला नाहीत म्हणून सगळी मुलं अकरावी सोडून देतात आणि इंदूरच्या पेपरला नेमकं तेच येतं, फंक्शन्स, सीक्वेन्स अँड सीरीज, डिटर्मिनंट, परम्युटेशन कॉम्बिनेशन, प्रॉबॅबिलिटी. लॉगॅरिदम तर हमखास. मॅट्रिक्स तुझ्या बारावीत आहेच. आपल्या बोर्डात नसलेलं म्हणजे नंबर सिस्टीमवरचे प्रश्न, बाकी किती, शेवटचा अंक कोणता, किती विभाजक, ते वेगळं करावं लागेल.

आणि एक फरक लक्षात घे. बोर्डाला आपण स्टेप्सना मार्क देतो, तिथे स्टेप्स कोणी बघत नाही. गणिताचा एक विभाग शॉर्ट आन्सरचा असतो, पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा. बरोबर आला तर ४, चुकला तर शून्य, मायनस काही नाही. एमसीक्यूमध्ये मात्र चुकलं की १ जातो. म्हणून शॉर्ट आन्सरमध्ये एकही रिकामा ठेवू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याने अर्धवट सुटलेले चार प्रश्न कोरे सोडले होते, मला अजून हळहळ वाटते. रोज दीड तास, पण पर्याय झाकून गणित सोडवायचं, एवढी एक सवय आत्तापासून लाव. पन्नास हजारांचा क्लास लागत नाही, मागच्या वर्षांचे पेपर आणि घड्याळ लागतं.

नाशिक_ते_इंदूर
मी आयपीएम सेकंड इयरला आहे, २०२४ ची बॅच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॅडमनी मॅथ्सचं बरोबर सांगितलंय, मी फक्त वेळेचं सांगतो, तीन विभाग आणि प्रत्येकाला ४० मिनिटं, एका विभागातला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही, त्यामुळे मॅथ्स चांगलं असून व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या विभागाला, कटऑफ हुकलेली मुलं मी बघितलीत. तुला वाचता येतंय ना मग अर्धी लढाई झाली, रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाच आणि वाचून झाला की त्या माणसाचं म्हणणं काय होतं ते मराठीतच दोन ओळीत लिही. मराठीत कारण आपल्याला समजलंय की नुसतं वाचलंय हे तिथे लगेच कळतं. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात मी तीन महिने घालवले, त्यातले फार थोडे कामी आले.

इंटरव्ह्यूचं टेन्शन मला पण इंग्रजीमुळेच होतं. मला विचारलं नाशिकचा आहेस तर कांद्याचं सांग. तेव्हा नुकतीच, मे २०२४ मध्ये, निर्यातबंदी उठवली होती पण ४० टक्के ड्युटी ठेवली होती, मग ही ड्युटी लासलगावच्या शेतकऱ्याला कशी दिसते, दिल्लीतल्या गिऱ्हाइकाला कशी दिसते, तू मंत्री असतास तर काय केलं असतंस, असं वीसेक मिनिटं चाललं. माझं व्याकरण दोनतीनदा चुकलं, कोणी टोकलं नाही, पण मामा कांदा लावतो त्यामुळे कांदाचाळीत कांदा किती महिने टिकतो हे मला माहीत होतं आणि ते सांगितल्यावर समोरचे सर पुढे झुकून ऐकायला लागले. तुझ्याकडे तर आडत आहे! डाळमिल आहेत, सोयाबीन आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते आहे. बाबांना एक दिवस बसून विचार की आडत किती, हमाली-तोलाई कोण देतं, शेतकऱ्याला पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) कधी मिळते, उधारी कशी वसूल होते. हे वहीत इंग्रजीत लिहून काढ आणि मोठ्याने बोल. हे पुण्यामुंबईच्या मुलांकडे नाहीये.

आता निभावण्याचं. पहिल्या टर्मला त्रास होतो, खोटं नाही सांगत. ग्रेड बाकीच्यांच्या तुलनेत लागतात, म्हणजे ७० मिळूनही मधलाच ग्रेड येऊ शकतो आणि शाळेत पहिला येणाऱ्याला ते फार लागतं. मी दोन महिने क्लासमध्ये तोंड उघडलं नव्हतं, रूमवर येऊन रडलोय सुद्धा. मग ग्रुप असाइनमेंटमध्ये एक्सेलचं काम माझ्याकडे आलं, ते मी नीट केलं, त्यावर लोक स्वतःहून शंका विचारायला यायला लागले आणि बोलणं तिथून सुटलं. त्यामुळे सुट्टीत एक्सेल शिकून ये, आणि ग्रुपमध्ये एक काम असं धर की जे तुझ्याशिवाय होणार नाही. क्लबचे इंटरव्ह्यू सुरू झाले की सगळे दहा ठिकाणी पळतात, तू एक किंवा दोनच धर. आणि इकॉनॉमिक्स स्टॅटिस्टिक्समध्ये अडलं तर त्याच आठवड्यात सरांकडे जा, मी परीक्षेच्या आदल्या दिवशी गेलो होतो.

सोलापूरची_आई
फीचं मी सांगते, मुलीसाठी सगळं करून झालंय. पाच वर्षांचा खर्च हॉस्टेल-मेस धरून ३५ लाखांच्या वर जातो, हे बाबांना आधीच सांग, नंबर लागल्यावर एकदम सांगू नकोस. पण अशा संस्थांना विनातारण शैक्षणिक कर्ज मिळतं, पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचा मार्ग पण आहे.

ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस असाल तर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. आमचा नॉन क्रिमिलेयर राज्याचा निघाला, ऐनवेळी सेतूत आणि तहसीलला पाच चकरा झाल्या, तेही मे महिन्याच्या उन्हात. जात केंद्राच्या यादीत आहे का ते पण आधी बघून घ्या.

रोहिणीवाली
मी इंदूरचा पेपर दिलेला, नाही झालं. आता दिल्लीला शहीद सुखदेव कॉलेजमध्ये बीएमएसला आहे. २०२२ पासून तिथे सीयूईटी या केंद्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेनेच प्रवेश होतो, बारावीला मॅथ्स लागतंच, म्हणजे तू एसपी न घेता मॅथ्स घेतलंस ते फार चांगलं केलंस. फी आयआयएमच्या मानाने खूपच कमी. इंदूरचाच स्कोअर आयआयएम रांचीला पण चालतो, बोधगया आणि जम्मूच्या आयआयएमला जिपमॅट नावाची वेगळी परीक्षा, रोहतकची त्यांची स्वतःची. आणि आपल्या राज्याची बीबीए-बीएमएसची सीईटी २०२४ पासून सुरू झालीये, १०० प्रश्न ९० मिनिटं, निगेटिव्ह नाही, तो फॉर्म भरूनच ठेव. मी एकाच परीक्षेवर बसले होते आणि रिझल्टनंतरचे पंधरा दिवस फार वाईट गेले, म्हणून सांगतेय.

लातूरची_कॉमर्सवाली
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. अकरावीची पुस्तकं चुलतभावाकडे आहेत, उद्या आणते. रात्री बाबांना पट्टीचं विचारलं तर ते दीड तास बोलत होते, एवढं माझ्याशी कधीच बोलले नव्हते. खर्चाचा आकडा पण सांगितला, ते गप्प झाले, मग म्हणाले आधी परीक्षा तर दे. मॅडम, लॉगॅरिदमपासून सुरू करू की नंबर सिस्टीमपासून?

गणिताच्या_मॅडम
लॉगपासून. नियम मोजके आहेत, आठवड्यात हात बसतो आणि धीर येतो. अडलेलं गणित इथेच टाक, रात्री नऊनंतर मी बघते.